रोंशांची टेकडी, १९५५

फ्रान्सच्या पूर्वेस रोंशां गावालगतच्या टेकडीवर मरियामातेचे प्राचीन यात्रास्थान आहे. १९४४ च्या लढाईत तेथील चॅपेल उद्ध्वस्त झाले. नव्या बांधणीसाठी पाचारण केलेले वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए हे श्रद्धावंत म्हणून ओळखले जात नव्हते. तरीही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्यावर भार सोपविला, हे मला त्या वास्तूइतकेच नवलाचे वाटते.

२५ जून १९५५ रोजी चॅपेलचा अभिषेक झाला. (त्यांनीच उभारलेल्या चंदीगडच्या उच्च न्यायालयाचे उद्घाटनही त्याच वर्षी मार्चमध्ये झाले होते.) खेकड्याच्या कवचावरून सुचलेले काँक्रीटचे अवजड छप्पर भिंतींवर टेकलेले नाही. ते पेलले आहे भिंतींत दडलेल्या खांबांनी. मधल्या १० सेंटिमीटरांच्या फटीतून उजेडाची रेघ आत उतरते. आणि भिंतींत दगड आहेत ते पडलेल्या चॅपेलचेच!

पूर्वेच्या भिंतीत, काचेआड, जुन्या चॅपेलमधून वाचलेली मरियामातेची मूर्ती उभी आहे. ती फिरविता येते. एरवी आतील भाविकांकडे तिचे मुख. यात्रेच्या दिवशी मात्र बाहेरील वेदीसमोर, उघड्या आकाशाखाली जमलेल्या समुदायाकडे.