दहाव्या दिवशींची गोळी

मानवतच्या कापूसबाजारांत एका अडत दुकानाच्या वह्या लिहिणारे आमचे धाकटे बंधु तीन वर्षांपूर्वीं मुके झाले. वाचा गेली नव्हती; बोलण्याजोगें कांहीं उरलेंच नाहीं, असें त्यांस वाटूं लागलें. परभणीस मनोविकारांच्या डॉक्टरांनीं गोळी दिली. दहाव्या दिवशीं आम्ही भेटीस गेलों, तेव्हां ते म्हणाले, "दादा, पोटांत नुसतं ढवळतंय. गुण कांहींच नाहीं."

"मग सोडून दे. मनाला कसली आलीय गोळी!" आम्हीं उत्तरलों. प्राध्यापकाचा शब्द, त्यांनीं गोळी सोडली.

पुढील दोन महिन्यांचें वर्णन करण्याची आमची छाती नाहीं. एका रात्रीं भावजयीनें त्यांस वेशीवरून परत आणलें, एवढेंच लिहितों.

मग आम्हीं पुस्तकें उघडलीं. मेंदूंतील पेशींमध्यें अतिसूक्ष्म फट असते. निरोप बहुधा रासायनिक द्रव्याच्या रूपानें ती ओलांडतो. सेरोटोनिन हें त्यांपैकीं एक. निरोप पोंचला कीं धाडणारी पेशी उरलेलें द्रव्य परत ओढून घेते. बंधूंची गोळी ही परतीची वाट अडविते, आणि तेंही कांहीं तासांतच! मन मात्र हलकें व्हावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर पेशी स्वतःस हळूहळू नव्या स्थितीशीं जुळवून घेतात असें मानतात. पुरतें कोडें सुटलेलें नाहीं. वरणांत मीठ कमी पडलें तें घातलें, इतका हा हिशेब सोपा नव्हे. परंतु दहाव्या दिवशीं त्रास दिसावा आणि गुण दिसूं नये, यांत नवल तें काय होतें?

आमचें तें वाक्य सर्वांत टोंचलें तें सर्पगंधेचा इतिहास वाचतांना. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवर या मुळीचा गुण लिहिला. १९४९ सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध विलायतेंत छापला गेला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रिसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. तें मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठविलेलें सेरोटोनिनादि द्रव्य रितें करतें. त्यानें खवळलेले रोगी शांत होत; रक्तदाबासाठीं घेणारे कांहीं जण मात्र खिन्नतेंत बुडाले, आणि द्रव्याचा व दुःखाचा संबंध असावा, ही शंका तेथून बळावली. या देशाच्या मुळीनें मनावर चालविलेला अंमल जगानें पाहिला होता. आम्हांसच त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनीं गोळी पुन्हां सुरू केली. सहाव्या आठवड्यांत बंधूंचा फोन आला. "दादा, सरकीचा भाव लई पडला बघा."

क्षमा मागण्यासाठीं आम्हीं जुळविलेलें वाक्य तसेंच राहिलें. आम्ही बराच वेळ सरकीविषयींच बोलत बसलों.