मराठीत अक्षरं किती?

कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’मध्ये पहिल्याच प्रकरणात अक्षरं मोजणारा छोटासा प्रोग्रॅम आहे. गेटचार एकेक अक्षर उचलतं. ईओएफ, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, मिळाली की लूप थांबतो. सी शिकायला मी तिथूनच सुरुवात केली. लिनक्सवर प्रोग्रॅम चालवला, ‘मराठी’ टाइप केलं, एंटर दाबलं. काहीच नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. एंटर हेही प्रोग्रॅमच्या लेखी एक अक्षरच आहे. थांबवायला नव्या ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-डी दाबावं लागतं. (विंडोजवर कंट्रोल-झेड आणि मग एंटर.) दाबलं, तर उत्तर आलं १६.

आत नेमकं काय येतंय ते बघावं, म्हणून गेटचारने दिलेली संख्या व्हेरिएबलमध्ये ठेवून दर फेरीला छापली. सगळीकडे १! माझ्या ओळीत साठवण्याच्या भागाभोवती कंस नव्हते. कंस नसले की सी आधी ईओएफशी तुलना करते आणि तुलनेचं उत्तर, ‘खरं’ म्हणजे १, व्हेरिएबलमध्ये टाकते. कंस घातल्यावर २२४, १६४, १७४ असे आकडे झरझर आले, शेवटी एंटरचा १०. पहिले तिन्ही एकट्या ‘म’चे! यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं नेहमीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म, र, काना, ठ, वेलांटी: पंधरा, आणि एंटर.

मग व्हेरिएबलच्या प्रकाराकडे लक्ष गेलं. पुस्तकाप्रमाणे मी इन्ट (int), म्हणजे पूर्णांक, लिहिलं होतं; अक्षरासाठीचा प्रकार तर ‘चार’ (char). अक्षरासाठी इन्ट कशाला? कारण बाइटच्या २५६ किमती असतात आणि ईओएफ त्यांच्याहून वेगळा हवा. तो सहसा -१ असतो. इंटेलच्या लिनक्सवर चारमध्ये २५५ हा बाइट -१च होऊन बसतो. मराठी मजकुरात हा बाइट येतच नाही, त्यामुळे ‘चार’ लिहूनही मोजणी सुरळीतच दिसते. जेपीईजी फाइलचा मात्र पहिलाच बाइट २५५. ‘चार’ लिहून फोटो दिला, उत्तर आलं ०. मला हा शोध फार आवडला.

आता पुन्हा इन्ट ठेवून १२८ ते १९१ हे, म्हणजे चिन्हाच्या पहिल्या बाइटनंतरचे, बाइट मोजायचे सोडले, एंटरही वगळला. ‘मराठी’ला उत्तर येतं ५. काना आणि वेलांटी अजून सुट्ट्याच मोजल्या जातायत. त्यांना आपापल्या अक्षराशी जोडायचं काम सध्या चालू आहे.