सुरखीची सावकाशी

घर बांधायचं ठरलं की आमच्या अकोले तालुक्यात पूर्वी पहिली चौकशी चुन्याची व्हायची. कळीचा चुना आणून हौदात विरवायचा, तो चांगला निवला की घाणीत घालायचा. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि ते ओढणारे बैल. चुन्यात वाळू पडे आणि भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी. कुणी बेलफळाचा गर घाली, कुणी गुळाचं पाणी. गवंडी चिमटीत माल घेऊन बघायचा आणि “अजून फिरू द्या” म्हणाला की घरमालकही निमूट बसे. भिंत हात-दोन हात चढली की काम थांबे. खालचा थर आवळल्याशिवाय वरचा चढवायचा नाही, हे कुणाला शिकवावं लागत नसे.

आमच्या तालुक्यातलं भंडारदऱ्याचं धरण याच दगड-चुन्याच्या बांधणीतलं. १९२६ साली पुरं झालं, उंची ८२ मीटर. पुढे त्याला डागडुजी आणि आधार द्यावे लागले, पण आजही प्रवरेचं पाणी ते अडवतंच आहे.

म्हणून चुन्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांत मात्र मी नाही. चुन्याने गवंड्यांचे हात सोलवटत, भट्टीला गाडीगाडीने लाकूड लागे आणि जाडजूड भिंतींतच निम्मी जागा जाई. वाडा ज्याला परवडला त्याचाच उभा राहिला; बाकीचं गाव कुडाच्या आणि मातीच्या भिंतींत राहिलं. वाड्याचे फोटो काढणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.

मग सिमेंट आलं, म्हणजे मिळेल तेव्हा आलं. परमिटसाठी तहसील कचेरीत खेटे घालायचे, मंजूर व्हायची चार पोती आणि उरलेली काळ्या बाजारात शोधायची. १९८२च्या जानेवारीत सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरून अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्याच वर्षी नियंत्रण सैल झालं, १९८९ला पूर्ण उठलं आणि पोत्यांचे ढीग गावोगावच्या दुकानांत दिसू लागले. पाठोपाठ ‘५३ ग्रेड’चं वेड आलं. लवकर घट्ट होतं म्हणजे चांगलं, एवढंच गणित. ठेकेदाराला सेंट्रिंग काढून पुढच्या कामावर न्यायचं असतं आणि मालकाला दिवाळीच्या आत वास्तुशांत करायची असते. दोघांनाही ते सोयीचं पडलं.

या घाईचा धूर दूर, कारखान्यात निघतो. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून क्लिंकर करतात. भट्टीला कोळसा लागतो तो वेगळाच. खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तोच वाटा मोठा. जगात माणूस हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला सात-आठ टक्के सिमेंटचा. तेव्हा कमी कार्बनचं काँक्रीट म्हणजे मुख्यतः कमी क्लिंकरचं काँक्रीट. त्यासाठी औष्णिक वीजकेंद्राची राख चालते, लोखंडाच्या झोतभट्टीची मळी चालते. घाटघरला, भंडारदऱ्याच्या शेजारीच, रोलर फिरवून दाबलेल्या काँक्रीटचं देशातलं पहिलं धरण झालं, आणि त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. तरी घर बांधणारा अजून सिमेंटचा काळपट रंग बघून “राखेचं नको” म्हणतोच.

आता एलसी-थ्री नावाचं सिमेंट आलंय. त्यात क्लिंकर निम्मंच. बाकी भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम. माती सातशे-आठशे अंशांवर भाजली की पुरते. साध्या सिमेंटच्या तुलनेत कार्बन सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. ते घडवण्यात स्वित्झर्लंड आणि क्यूबातल्या संशोधकांबरोबर मद्रास, दिल्ली आणि मुंबईच्या आयआयटीही होत्या, आणि २०२३मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. आमच्या गवंड्याला हे सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, “मग सुरखी काय वेगळी होती?” फारशी वेगळी नव्हती. भाजलेली माती चुन्याशी मिळून घट्ट होते, हे तत्त्व तेच. फक्त आता माती पारखून, मोजून भाजतात.

सुरखीच्या मालासारखंच राखेचं सिमेंटही सुरुवातीला साध्या सिमेंटपेक्षा सावकाश ताकद धरतं. पुढे ती कसर भरून निघते आणि काँक्रीट जास्त घट्ट, कमी पाझरणारं होतं, पण तोवर पाणी हवं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवा आणि राखमिश्रिताला किमान दहा, असं आपलं मानकच सांगतं. साइटवर मात्र चौथ्या दिवशी पाइप गुंडाळलेला असतो. पुढे भेग पडली की बोल राखेला.

घर बांधायला काढलं असेल तर पोत्यावर पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट, असं लिहिलेलं बघून नाक मुरडू नका. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला बारदान गुंडाळा, आणि दहा दिवस पाणी मारायचं हे ठेकेदाराकडून आधीच लिहून घ्या.