आत्याची संदूक

परवा माघाच्या अखेरीस गोरेगावला जाण्याचा योग आला. हे गोरेगाव मुंबईचे नव्हे. आपले सेनगाव तालुक्यातले, हिंगोली जिल्ह्यातले. पूर्वी हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जुनी माणसे मात्र अजूनही बोलता बोलता 'आमचा परभणी जिल्हा' म्हणून जातात. पूर्णा-अकोला मार्गावरच्या हिंगोली स्टेशनवर उतरलो आणि पुढे एस. टी. धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळदीची काढणी चालू होती. काढलेल्या कंदांचे ढीग, वाळलेल्या पाल्याच्या गंज्या, मध्येच कुठे हळद शिजवायचे बॉयलर. खिडकीतून येणारा तो उष्ण, मातकट वास ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळे सांगायला नको.

गोरेगावला माझी थोरली आत्या असते. तिचे घर म्हणजे माळवद, पाच खणांचे. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात आत शिरले की माठातल्या पाण्यासारखे गार वाटायचे. पण २१ मार्च २०२४ च्या पहाटे जमीन हलली, ४.५ तीव्रतेचा धक्का होता, आणि पुन्हा १० जुलैला तितकाच. मोठी हानी झाली नाही, पण घरोघरी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीची आठवण निघाली. त्या पहाटे हजारो माणसे मातीदगडाखाली गेली, ते या भागातला कोण विसरेल? दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, माळवद उतरवायचे ठरवले आणि शेजारी स्लॅबचे घर बांधले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. डोक्यावर टनावारी माती घेऊन लेकराबाळांनी झोपावे, हे कोणाला बरे वाटेल? किल्लारीकडे कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडे तसेच उभे राहिले होते, हेही खरे. दोष जड मातीचा आणि कच्च्या दगडी भिंतींचा. लाकडाचा नव्हे.

मी पोहोचलो तेव्हा उतरवलेले लाकूड अंगणात रचून ठेवलेले होते. धुराने काळे, वर चुन्याचे आणि रंगाचे थर. आणि वाचकहो, पोटात गोळा आला तो पुढचे दृश्य पाहून. ढिगातली लहान लाकडे बॉयलरखाली जळणाला चालली होती. गडी हाताला येईल ते उचलत होता. त्याच्या हातात चौकटीवरची गणेशपट्टी होती!

"अरे थांब, ते कामून नेतोस?" मी ओरडलो.

"मालक म्हणले, बारीकसारीक समदं न्या."

गणेशपट्टी मी काढून घेतली. दादा हसला. "बाबू, तुला शहरातल्या माणसाला लाकडाचा लई कळवळा. इथं हळद शिजवायला सरपण मिळत न्हाई. आन् मोठं लाकूड न्यायला व्यापारी उद्या येनार हाय. संदूक बी त्यालाच देतो."

संदूक म्हणजे आत्याची. लग्नात माहेराहून आलेली, म्हणजे आमच्या घरची. माझ्या आजोबांनी दारात सुतार बसवून ती करून घेतली होती. एका माणसाला उचलायची नाही अशी जड. तिच्यावर हिरवा, मग निळा, मग तपकिरी असे ऑइलपेंटचे थर चढले होते, बूड वाळवीने खाल्ले होते आणि झाकणाची एक बिजागरी तुटली होती. दिसायला कोणालाही ती अडगळच वाटली असती.

इथे माझे एक पाप सांगून टाकतो. आमचे गावचे घर पडले तेव्हा पुढचे दार आणि दोन कोरीव खांब मी एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला चारशे रुपयांना दिले. पुढे कधीतरी मुंबईच्या चोरबाजारातून जाताना तसली दारे दुकानासमोर टेकवलेली पाहिली. किंमत विचारायचा धीर झाला नाही. तेव्हा माझ्या बापाच्या घरातले लाकूड म्हणून जगात जे काही उरले होते, ते म्हणजे ही आत्याची संदूक. आत्या काही बोलत नव्हती. नुसती संदुकीवर बसून होती आणि किल्ली कनवटीला होती.

संध्याकाळी वहिनीनेच गावातल्या सुतारमामांना बोलावणे धाडले. वय साठीपुढचे. त्यांचे वडील बलुत्यावर तिफणी आणि वखर भरायचे. आता लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आल्यावर मामा चौकटी आणि दिवाण करतात. त्यांनी ढिगातले एकेक लाकूड हातोडीने ठोकून पाहिले. भरीव 'टण' आवाज आला की उजवीकडे, 'भद' आला की डावीकडे. ज्या लाकडाच्या बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा गळत होता, ते सगळ्यांत लांब. "हा किडा नव्या घरात नेला तर दारं-खिडक्या बी खाईल," ते म्हणाले. मग रंधा घेऊन एका काळ्याकुट्ट सराची एक पट्टी तासली. आतून सोनेरी तपकिरी साग निघाला. तासलेल्या जागेचा तो तेलकट वास अंगणभर पसरला.

दादा जवळ आला. हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हे असं हाय व्हय आतून?"

सागाच्या मधल्या गराला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचा पांढुरका भाग ती खाते. आणि पन्नास-साठ वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड नव्यासारखे वळत-पिळत नाही. मामांनी हे समजावून सांगितले, पण दादाला लगेच पटले नाही. त्याचा हिशेब सरळ होता. मजुरी देऊन जुनेच वापरायचे, त्यापेक्षा तालुक्याच्या दुकानातून प्लायवूडचे नवे आणू. मामांनी मजुरी सांगितली तेव्हा टेबलाचा खर्च खरोखरच दुकानातल्याच्या जवळ जात होता. "दुकानातलं पावसाळ्यात फुगतंय. हे तुमच्या नातवाला पुरंल," एवढेच मामा बोलले. शेवटी असे ठरले की खांब-तुळया व्यापाऱ्याला द्यायच्या, दार आणि संदूक ठेवायची. (सागाचे लाकूड गावाबाहेर न्यायचे तर वन खात्याचा वाहतूक परवाना लागतो का, हे आधी वनरक्षकाला विचारून घ्यावे. दादाने ते व्यापाऱ्यावरच सोपवले होते, ते मला आवडले नाही.)

मी चार दिवस राहिलो आणि काम डोळ्यांनी पाहिले. घरी कोणाला करायचे झाल्यास उपयोगी पडेल म्हणून थोडे सांगतो.

पहिले काम खिळे शोधण्याचे. लाकडात दडलेला एक खिळा करवतीची आणि रंध्याची धार घालवतो. मामांकडे जुन्या रेडिओच्या कर्ण्यातले लोहचुंबक होते. ते फळीवरून फिरवले की जिथे ओढ लागे तिथे खडूने खूण. दुसरे काम रंग काढण्याचे, आणि इथे सावध राहायला हवे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असायचे. आपल्या देशात रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती अगदी अलीकडे, २०१७ पासून. कोरडा रंग घासला की त्याची धूळ उडते आणि लहान मुलांच्या पोटात गेली तर फार वाईट. म्हणून पाणी शिंपडत, ओला रंगच खरवडायचा, घराबाहेर, तोंडाला फडके बांधून, आणि खरवड गोळा करून टाकायची. गोठ्याकडे किंवा विहिरीकडे जाऊ द्यायची नाही. मामा आधी कोरडाच पॉलिशपेपर मारणार होते. वहिनीने नातीला उचलून आत नेले तेव्हा ते थांबले.

उघड्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोनदा लावले. रंग असताना हे औषध आत मुरतच नाही. चांगले वाळल्यावर जवसाचे तेल, पातळ हात देऊन, जास्तीचे फडक्याने पुसून. कच्चे जवसतेल वाळायला कित्येक दिवस घेते, म्हणून दुकानातून उकळलेले आणले. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. जवसतेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवावीत, नाहीतर दोरीवर मोकळी पसरावीत. शेजारी हळदीच्या पाल्याची गंजी असताना तर हे विसरून चालणारच नाही.

दाराच्या एका फळीचे नातीला अभ्यासाचे टेबल झाले. दुसरी दिवाणाला गेली. जुने दार खुंट्यांवर जोडलेले होते, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात आणि वर बांबूची खुंटी. मामांनी सांधे न कापता खुंट्या ठोकून काढल्या आणि नव्या घातल्या. गणेशपट्टीची अडचण झाली. नवे दार रुंद, पट्टी दोन्हीकडून वीतभर कमी पडली. दादा म्हणाला, दोन तुकडे जोडून तसेच नक्षीकाम कोरा. मामा तयार झाले नाहीत. "माझ्या हातून तसलं कोरीव होनार न्हाई, आन् खोटं जुनं म्या करत न्हाई." दोन्ही बाजूंना साधी फळी लावली. मला तर तेच छान दिसले. बाभळीच्या पायांची एक बाज मात्र किड्याने पोखरली होती, ती बॉयलरखाली गेली. सगळेच वाचवायचा हट्ट धरून कसे चालेल?

संदूक शेवटी घेतली. किल्ली द्यायला आत्याने एक दिवस लावला. आतले सामान काढताना डाव्या अंगाचा चोरकप्पा सरकवला, तर त्यात १९५४ च्या खासरा पाहणीचा उतारा निघाला. कोपरे कसरीने खाल्लेले, पण गट नंबर नाही म्हणून जुने सर्व्हे नंबर स्पष्ट वाचता येत होते. दादा तो कागद घेऊन उजेडात कितीतरी वेळ उभा राहिला. बांधावरून शेजाऱ्याशी त्याचा जुना वाद आहे.

कुजलेले बूड काढून माळवदाच्याच सराच्या फळ्या घातल्या. बिजागरी लोहाराने भरून दिली. कडीकोयंडा तसाच ठेवला. तपकिरी रंगाखालचा निळा आणि निळ्याखालचा हिरवा निघाला, आणि अगदी खाली झाकणाच्या आतल्या अंगाला सुताराने खडूने घातलेले मोजमापाचे आकडे होते. ते मामांनी पुसले नाहीत. तेलाचा हातही तेवढ्या जागेला सोडून दिला.

निघायच्या दिवशी संदूक नव्या घराच्या खिडकीखाली मांडली. वहिनीने वर गोधडीची घडी घातली. आत्या येऊन बसली, हाताने फळी चाचपली आणि म्हणाली, "पहिल्यापेक्षा गुळगुळीत झाली माय. घसरून पडंन मी."

मामांना मजुरी अर्धी रोख आणि अर्धी शिजवलेल्या हळदीत मिळाली. एस. टी. यायला उशीर होता, म्हणून ते फाट्यापर्यंत सोबत आले. वाटेत विचारत होते, तुमच्या गावच्या त्या दाराला किती खण होते आणि लाकूड कोणते होते.