वर्गमित्रांनो, अहवाल वाचायला या



दिवाळीच्या तोंडावर आपल्या ग्रुपवर सगळ्यांची खबरबात आली. कुणी रांजणगावात प्लांट हेड झालं, कुणी खरेदी विभागातून थेट मुंबईच्या मुख्य कार्यालयात गेलं. एकजण दहेजला, एकजण शारजाला पोचला. काहींनी खराडी-वाघोलीत घर घेतलं आणि मुलांच्या शाळेसाठी शिरूर सोडलं. एकाची मुलगी मेडिकलला लागली. वाचून ऊर भरून आला, कारण नोकरी सांभाळून व्यवस्थापनाची पदवी प्रत्येकाने कशी मिळवली ते मी जवळून पाहिलं आहे. तरीही हे पत्र मी सगळ्यांसमोर, उघडपणे लिहिते आहे. त्या खबरबातीत पदं होती, शहरं होती, घरं होती. शिरूर आणि दौंड मात्र फक्त ‘मूळ गाव’ म्हणून होते. आपण जे शिकलो त्याची गरज आज सगळ्यात जास्त याच दोन तालुक्यांना आहे, असं माझं ठाम मत आहे.

नोकरी सांभाळून व्यवस्थापन शिकता येईल असा पहिला वर्ग शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना काढला. आपल्याकडे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि कामावरच्या माणसाला शिकायचा रस्ता मोकळा झाला. पुढे पुण्यात शनिवार-रविवारचे वर्ग सुरू झाले, म्हणून आपल्यासारख्यांचा नंबर लागला. व्हर्लपूल, एलजी, हायर, फियाट यांच्यामुळे रांजणगाव बदललं. सिप्ला, एमक्युअर यांच्यामुळे कुरकुंभ बदललं. तिथे डिप्लोमावर चिकटलेली आपल्या गावची पोरं सुपरवायझरपर्यंत चढली आणि पस्तिशीत अडली, कारण वरच्या खुर्चीला कागद लागत होता. आपला वर्ग अशा अडलेल्यांचा होता.

दौंडकरांनी अर्धा अभ्यास पुण्याच्या गाडीत उभ्याने केला. आम्ही शिरूरकर नगर रस्त्यावर होतो. शिक्रापूरला किंवा वाघोलीला एसटी अडकली की कोटलरचं मार्केटिंगचं पुस्तक उघडायचं. रात्रपाळी करून थेट वर्गात आलेला माणूस पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवायला काय करतो, हे मी शेजारच्या बाकावर बसून पाहिलं आहे. माझ्या घरी सासूबाईंनी मुलाला सांभाळलं म्हणून मला जमलं. तुमच्या घरीही असंच कुणीतरी असणार. त्या पदवीवर आपलं एकट्याचं नाव आहे, पण ती घराने मिळवलेली आहे, आणि घर शिरूर-दौंडात आहे.

आता त्या खबरबातीत ज्यांची दखल घेतली गेली नाही अशा तिघांबद्दल लिहिते. नावं मुद्दाम टाळते, तुम्ही ओळखालच.

पहिली जिल्हा बँकेतली. तिने ग्रुपवर एवढंच लिहिलं की शाखा बदलली. पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मार्चअखेरीला ‘नवं-जुनं’ करण्यासाठी, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलण्यासाठी, लोक चार दिवसांकरता हातउसने घेतात, कधी खासगी सावकाराकडून, आणि बिनव्याजी कर्जावर वरून व्याज भरतात. ती फेब्रुवारीतच गावोगावच्या सोसायटीत जाऊन बसते, प्रत्येक घराच्या पैशाची आवक कोणत्या महिन्यात आहे ते बायकांकडून काढून घेते आणि फेडीची तयारी आधीपासून करून घेते. रोख प्रवाहाचं पत्रक आपण परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तिने ते सोसायटीच्या ओट्यावर मांडलं.

दुसरा कुरकुंभचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका कारखान्यात रात्री आग लागली आणि आसपासची माणसं पोराबाळांसह घरं सोडून बाहेर पडली. त्याचं घर त्याच पट्ट्यात आहे. उत्पादनात त्याला बढती मिळत होती; त्याने सुरक्षा विभाग मागून घेतला. पगारात फारसा फरक पडला नाही, पण या क्षेत्रात वर जाणाऱ्याची वाट तिथून जात नाही, असं सगळे म्हणतात. कंत्राटी कामगाराला पहिल्या दिवशी गेटपास देण्याआधी कोणता वायू कुठे साठवला आहे आणि वारा कुठल्या दिशेला असताना कुठे पळायचं, हे तो स्वतः दाखवतो. माणूस ओडिशाचा असेल तर त्याच्या भाषेतलं चित्र हातात देतो. खबरबातीत त्याच्या नावापुढे ‘तिथेच’ असा एक शब्द होता. वर्गाने त्याची याहून जास्त दखल घ्यायला हवी होती.

तिसऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तो ग्रुपवर बोलतच नाही. त्याच्या कंपनीने लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि पंचेचाळिशीत तो घरी आला. कुणाची बढती आली की अभिनंदनाचे फुलगुच्छ पडायचे आणि हा गप्प असायचा. ती शांतता आपल्यापैकी कुणालाच ऐकू आली नाही. आता तो केडगावजवळ गुऱ्हाळ चालवतो. गेल्या हंगामात मी जाऊन आले. चरक्यातून रस येतो, काहिलीत उकळू लागतो, भेंडीचा चिकट रस पडला की मळी वर येते आणि झाऱ्याने काढली जाते. गुळव्या पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळी करून बघतो. ती जमली की सगळ्यांनी मिळून काहील उतरवायची आणि पाक वाफ्यात ओतायचा. इथपर्यंत तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गुऱ्हाळासारखंच. पण त्याच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर प्रत्येक काहिलीचा हिशेब असतो: ऊस किती, तोडणी-वाहतूक किती, गुळव्याची आणि चुलवाणावरच्या माणसाची मजुरी किती, गूळ किती उतरला. टनामागे शंभर-सव्वाशे किलो उतरतो. हंगामाच्या सुरुवातीला कमी, थंडी वाढली की जास्त. चुलवाणात प्लास्टिक आणि टायर जाळणाऱ्या गुऱ्हाळांबद्दल या भागात तक्रारी होत आल्या आहेत. हा फक्त वाळलेलं चिपाड जाळतो. त्यासाठी चिपाड वाळवायला जागा आणि माणूस जास्त लागतो, तो खर्चही फळ्यावर आहे. फळा कामगारांना दिसेल असा लावला आहे आणि गुळव्या त्यावरून त्याच्याशी वाद घालतो. व्यवस्थापनाचा याहून चांगला वर्ग मी पाहिलेला नाही.

पदांच्या यादीत काय दिसत नाही, याचं एक दूरचं उदाहरण देते. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन स्वतः तिथल्या १९७९ च्या एमबीए वर्गातले. दर पाच वर्षांनी त्यांचा वर्ग भेटायचा. सुरुवातीच्या मेळाव्यांत सगळे उजळलेले; पुढे मात्र मोडलेले संसार, दुरावलेली मुलं, आतून सुकलेली माणसं. २०१० मध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी हे सगळं सांगितलं. त्यांच्याच वर्गातला जेफ्री स्किलिंग एन्रॉनचा प्रमुख झाला. त्या एन्रॉनला महाराष्ट्र दाभोळमुळे चांगलाच ओळखतो. स्किलिंग २००६ मध्ये फसवणुकीत दोषी ठरून तुरुंगात गेला. त्या वर्गाच्या यादीत एके काळी त्याचंच नाव सगळ्यात ठळक असणार. पदांच्या यादीवरून वर्ग ओळखू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

आता मुख्य बोलते. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे. आमच्याकडे तो सासऱ्यांच्या नावावर होता. सभासदाला दरवर्षी अहवालाची पुस्तिका येते. मुखपृष्ठ रंगीत, आत संस्थापकांचे फोटो, मग विषयपत्रिका: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल व ताळेबंद स्वीकारणे, अंदाजपत्रकास मंजुरी, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. ताळेबंद पार मागे, बारीक टाइपात. मांडवात विषय वाचला जातो, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ येतं आणि लोक जेवायला उठतात.

दौंडचा भीमा-पाटस कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ मध्ये भाडेपट्ट्याने निराणी समूहाकडे गेला. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याचं गाळपही थांबलं. कामगारांचे पगार थकले आणि सभासदांना ऊस बाहेर घालायची वेळ आली. कोण चुकलं यावर दोन्ही तालुक्यांत निवडणुका लढवल्या गेल्या, मला त्यात शिरायचं नाही. पण संचित तोटा एका हंगामात साचत नाही. मालतारण कर्ज, थकलेली देणी, खेळत्या भांडवलाची ओढाताण, लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’वरून खाली घसरणं, या गोष्टी कुठल्याही संस्थेच्या पुस्तिकेत आधीपासून दिसू लागतात. त्या वाचता येणारी माणसं दोन्ही तालुक्यांत शेकड्याने आहेत. ती कंपन्यांचे ताळेबंद रोज वाचतात, बोर्डापुढे मांडतात. घरी आलेली पुस्तिका मात्र टीव्हीवर पडून राहते, कारण ते वडिलांचं आणि पुढाऱ्यांचं क्षेत्र, असं आपण धरून चाललो.

माझ्या मते आपल्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा तोटा इथे झाला आहे. सहकारात एका सभासदाला एक मत असतं. शंभर एकरवाल्यालाही एक आणि दीड एकरवाल्यालाही एकच. जगातल्या कुठल्याही शेअर बाजारात न मिळणारा हा अधिकार आपल्या घरात आहे. ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यावी असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजाचीही तरतूद आहे. ते व्याज आपल्या घरी कधी आलं का, हे किती जणांनी तपासलं आहे?

दहेजला आणि शारजाला असलेल्यांना मी परत या असं म्हणत नाही. तुम्ही गेलात ते घरासाठीच गेलात, आणि पाठवलेल्या पैशातून इथे विहिरी, पाइपलाइनी झाल्या आहेत. पण ताळेबंद शारजातूनही वाचता येतो. वडिलांना पुस्तिकेचे फोटो काढून पाठवायला सांगा.

सहकारी संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावी लागते. त्याआधी पुस्तिका घरोघरी येते आणि लेखी प्रश्न सभेच्या काही दिवस आधी द्यावे लागतात, त्याची मुदत सूचनेतच छापलेली असते. कारखाना असो, सोसायटी असो, पतसंस्था असो, प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका तरी संस्थेचा अहवाल मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवून वाचावा आणि एक लेखी प्रश्न द्यावा. शेअर वारलेल्या माणसाच्या नावावर राहिला असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, नाहीतर सभेत बोलता येणार नाही. ज्यांना एकट्याने जमत नसेल त्यांच्यासोबत मी बसायला तयार आहे, शनिवारी शिरूरला, रविवारी दौंडला. ऑगस्टमध्ये कोण कोण येणार ते कळवा, आणि केडगावच्या मित्राला माझ्या आधी तुम्हीच फोन करा.

तुमची,
शिरूरची वर्गमैत्रीण