लंपी, या पावसाळ्याआधी

लंपी,

हे पत्र तुझ्या नावाने असले तरी गोठ्यागोठ्यात वाचले जावे, म्हणून जाहीर लिहितो आहे.

१९२९ साली आजच्या झांबियात गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा आजार म्हणून तुझी पहिली नोंद झाली. पुढची कित्येक दशके तू आफ्रिकेतच होतास. २०१९ मध्ये ओडिशात दिसलास, २०२० मध्ये गडचिरोलीत. तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला तू सापडलास आणि बघता बघता राज्यभर पसरलास. बैलबाजार बंद झाले, शर्यती थांबल्या. त्या वर्षी देशात दीड लाखाहून अधिक जनावरे गेली.

तू गोठ्यात येतोस ते आधी कळतही नाही. गाय वैरणीला तोंड लावत नाही, डोळ्यांतून पाणी गळते, अंग तापलेले असते. धार काढायला बसावे तर दूध एकदम आटलेले. मग खरारा करताना मानेवर हाताला कडक काहीतरी लागते. दोन दिवसांत तशाच गाठी पाठीवर, पोटावर, कासेवर उठतात. पायांना आणि पोळीला सूज येते. जनावराला धड बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही. पुढे गाठीचा मधला भाग काळा पडून सुटतो आणि तिथे खोल जखम उरते. तिच्यावर माश्या बसू नयेत म्हणून घरातली बाई दिवसभर फडके घेऊन वारा घालत राहते. सरकारने मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले. ते द्यायलाच हवे होते. पण पेरणीच्या तोंडावर मोडलेली बैलजोडी त्या पैशांत पुन्हा उभी राहत नाही.

तुझी चाल आता आम्हाला कळली आहे. शेण आणि ओल्या काडीकचऱ्यात वाढणारी चावरी माशी गाईच्या पायाला डसते. गाय शेपटी झाडते, माशीचे पोट अर्धेच भरलेले असते, ती शेजारच्या बैलावर जाऊन बसते. तेवढ्यात तिच्या सोंडेला चिकटून तू दुसऱ्या दावणीला पोचतोस. डास आणि गोचीडही तुझी ने-आण करतात. पण माशी फार लांब उडत नाही. तुला जिल्हे ओलांडायला लावतो तो टेम्पो, ज्यात तापाने फणफणलेले जनावर ‘निघून जाऊ दे एकदाचे’ म्हणत बाजाराला पाठवलेले असते. याचा दोष मी तुला देत नाही, तो आमचा आहे.

अफवांनीही तुला मोठे केले. तू माणसाला होत नाहीस. दूध उकळून प्यायला काहीच हरकत नाही. तरी लोकांनी दूध नाकारले आणि आजारी जनावरांच्या मालकांवर दुसरा घाव बसला.

शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून आम्ही तुला अडवले. हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधकांनी रांचीत सापडलेल्या तुझ्याच विषाणूपासून लंपी-प्रोव्हॅक-इंड ही खास लस तयार केली. २०१६ मध्ये बाल्कन देशांनी सरसकट लसीकरण करून तुला रोखून दाखवले होते. आम्ही मात्र गाठ दिसल्यावर भोवतालच्या ५ किलोमीटरपासून सुरुवात केली. लस टोचल्यावर पुरती ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि तेवढ्यात तू पुढच्या गावात असतोस. राज्यात १ कोटी ३९ लाखांच्या आसपास गाई-बैल आहेत. एवढ्यांना तू आल्यावर धावतपळत टोचता येत नाही. लस पावसाळ्याआधीच टोचायला हवी, दर वर्षी, तू कुठेच दिसत नसलास तरी.

म्हणून आता तुला सोडून हे पत्र वाचणाऱ्यांशी बोलतो. मे महिन्यातच गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव नोंदवा. ऊसतोडीला निघणाऱ्या बैलांना किमान महिनाभर आधी लस द्या. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या, गोठ्यातला ओला कचरा रोज काढा, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. नवे जनावर आणले तर चार आठवडे वेगळे बांधा. आणि अंगावर एक जरी गाठ दिसली, तरी ते जनावर विकू नका, लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.