नऊ तासांची कोची

सुटीत जहाजाने प्रवास करण्याची हौस आपल्या समाजातील कुटुंबांतही आता रुजू लागली आहे. जहाजावरचे दिवस आपोआप सरतात. कसोटी लागते ती बंदरावर. मुंबईहून निघालेले आमचे जहाज कोचीला सकाळी 8 वाजता धक्क्याला लागणार आणि सायंकाळी 5 वाजता सुटणार होते. आम्ही पाच जण होतो: सासूबाई, आम्ही उभयता आणि दोन मुले. सासूबाईंचे वय 78. इतक्या लांबचा हा आपला बहुधा शेवटचाच प्रवास, असे त्या सहज म्हणत. ऐकणाऱ्याला मात्र ते सहज वाटत नसे.

प्रत्येकाची इच्छा निराळी होती. मुलांना अलप्पुळाच्या खाडीतील नौकाविहार हवा होता, यजमानांना मसाल्याची पेठ, मला ज्यूंचे जुने प्रार्थनास्थळ. सासूबाईंना हवे होते मट्टनचेरीतील धर्मनाथ भगवानांचे दर्शन.

निघण्यापूर्वी आठ दिवस यजमानांनी वही उघडली आणि दुकानातल्या हिशेबाप्रमाणे वेळेचा जमाखर्च मांडला. जमा तास 9. जहाजातून उतरण्यास 1 वजा. सर्वांनी 4 वाजता परत चढायचे, म्हणून शेवटचा 1 वजा. रस्त्यातील खोळंब्यासाठी आणखी 1 शिलकीत. हाती उरले 6.

या सहा तासांत अलप्पुळा बसेना. जाण्याचेच अंतर 50 किलोमीटरहून अधिक. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास रस्त्यातच जाणार. जहाजाने आखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. मोठ्या मुलाचा हिरमोड झाला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझे दर्शन राहू द्या. देव घरीही आहेत. मुलांचे मन मोडू नका."

त्यांचा त्याग स्वीकारणे सोपे होते, पण ते खरे उत्तर नव्हते. दर्शन वगळले तरी अलप्पुळाचे गणित जोखमीचेच राहत होते. यजमानांनी वही मुलाच्या हाती दिली. त्याने नकाशा घेऊन स्वतः आकडेमोड केली, अलप्पुळावर स्वतःच काट मारली आणि फोर्ट कोचीहून समोरच्या वैपीन बेटावर जाणारी बोट शोधून काढली. पाण्यावरचा प्रवास त्यालाही मिळाला आणि आजीचे दर्शनही राहिले.

कोचीचे जुने शहर थोड्या वेळासाठी फार सोयीचे आहे. विलिंग्डन बेटावरील धक्क्यापासून मट्टनचेरी काही किलोमीटरवरच आहे. राजवाडा, 1568 सालचे सिनेगॉग आणि मसाल्याची गोदामे हाकेच्या अंतरावर आहेत. वार मात्र पाहावा लागतो: राजवाडा शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग शनिवारी.

धर्मनाथ मंदिर 1904 सालचे. कोचीत व्यापारासाठी आलेले गुजराती, कच्छी आणि मारवाडी पिढ्यान् पिढ्या याच भागात नांदले. परक्या बंदरात पेढी थाटताना त्यांनी देवालाही आपल्यासोबत आणले. सासूबाई मूर्तीसमोर बराच वेळ डोळे मिटून बसल्या. घड्याळ माझ्या हातात होते, पण ते पाहण्याची वेळ आली नाही; त्या तासाची तरतूद आधीच केलेली होती. दुपारी बाराच्या सुमारास तेथे कबुतरांना दाणे घालतात. पाखरांचा थवा अंगणात उतरला, तेव्हा मोठा मुलगा आजीचा हात धरून मध्यभागी उभा होता.

पेठेत मिरी, वेलदोडे आणि सुंठ यांचा वास दरवळत होता. आले आपल्याला वर्ज्य, सुंठ चालते; यजमानांनी ती घासाघीस करून घेतली. फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्च पाहिले. 1524 साली वास्को द गामाचे दफन येथेच झाले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. किनाऱ्यावरील चिनी जाळ्यांजवळ आम्ही थांबलो नाही. कोळ्यांच्या उपजीविकेला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु तडफडणारे मासे पाहणे हा आमच्या सहलीचा भाग होऊ शकत नव्हता. बोटीतून जाळ्यांच्या कमानी दुरून दिसल्या, तेवढे पुरे झाले.

आम्ही साडेतीनला जहाजावर परतलो. जैन जेवणाची सूचना आरक्षणाच्या वेळीच दिली होती आणि चौविहार असल्याचे भोजनगृहात आदल्या दिवशी सांगून ठेवले होते. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी ताट मिळाले. उकळलेले पाणी आणि खाखरे घरचे होतेच.

श्रावकाच्या बारा व्रतांत देशावकाशिक व्रत आहे: ठरावीक काळापुरती आपल्या हालचालींची मर्यादा आखून घेणे. व्रत आत्म्यासाठी असते, सहल मनासाठी. दोहोंची तुलना करू नये. तरीही त्या मर्यादेमागची दृष्टी प्रवासात उपयोगी पडते. जे सोडायचे ते घरीच, सर्वांच्या संमतीने सोडले, तर बंदरावर धावपळ उरत नाही आणि घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला आपण ओझे आहोत असे वाटत नाही. बंदराचा आराखडा करताना पहिली ओळ त्या माणसासाठी लिहावी. बाकीची स्थळे उरलेल्या तासांत बसतील तेवढी बसवावीत. न बसलेली पुढच्या प्रवासासाठी राहू द्यावीत.